शंभरीचे गणित आणि जन्मतारखेचा रकाना
(मंडळाच्या चार इमली येथील मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. नोव्हेंबरात हयातीचे दाखले घ्यायला बसतो, तेवढाच माझा या विषयातला अधिकार.

शंभरीचे नाव निघाले की आपल्याला महर्षी कर्वे आठवतात. १८ एप्रिल १८५८ चा जन्म, ९ नोव्हेंबर १९६२ ला देहावसान. म्हणजे १०४ वर्षे. १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि त्याच साली, हयातीतच, टपाल तिकीटही निघाले. चालणे, मिताहार वगैरे आपण नेहमी सांगतो. पण त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला कारकून म्हणून फार जवळचा वाटतो. मुरुडहून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, तर तिथे सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून बसू दिले नाही! ज्या माणसाने पुढे शंभरी ओलांडली, त्यालाही एकदा वयाच्या पुराव्यापायी परत फिरावे लागले.

आता आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत शंभर आणि त्यावरचे लोक सहा लाखांहून अधिक निघाले. त्याच वर्षी जपानमध्ये ते ४७,७५६ होते. आपण जपान्यांच्या बारापट शतायुषी, हे कुणाला पटेल? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९६९ चा. त्याआधीचे वय म्हणजे घरच्यांनी अंदाजाने सांगितलेला गोल आकडा. हसू नका, जपानलाही २०१० साली असा झटका बसला होता. तपासणी केली तेव्हा कागदोपत्री जिवंत असलेले दोन लाखांहून जास्त शतायुषी सापडेचनात.

तरी जपानचा हिशेब आज बराच चोख आहे. १९६३ साली १५३ शतायुषी होते, २०२५ साली ९९,७६३. त्यांत सुमारे ८८ टक्के स्त्रिया. माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. पुढची शंभरी आपल्या आज्यांची, आयांची आहे. त्यातल्या बहुतेक विधवा, कौटुंबिक निवृत्तिवेतनावर, आणि घर मुलाच्या नावावर. या चार इमलीत तर घरही सरकारी. मुलगा निवृत्त झाला की नव्वदीच्या आईचे बिऱ्हाड हलते. शेजार, देऊळ, ओळखीचा दूधवाला, सगळे सुटते.

माझ्या मामींचेच सांगतो. मामा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सहाव्या वेतन आयोगानंतरच्या नियमाने ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पूर्ण दुप्पट. विधवेलाही तीच. पण मामींच्या पेन्शनच्या आदेशात जन्मतारखेचा रकाना कोरा! मामी म्हणतात, स्वातंत्र्याच्या साली लग्न झाले तेव्हा सोळावे लागले होते. आधारवर मात्र १ जानेवारी १९४०. म्हणजे सातव्या वर्षी लग्न! ऐंशीनंतर कित्येक वर्षे त्यांना एक पैसाही जादा मिळाला नाही. कार्यालयात दोन वर्षे हेलपाटे घातले, तेव्हा आधारच्या तारखेने वाढ सुरू झाली. खरे वय अजून मान्य नाहीच. आणि मी, रोज हेच कागद हाताळणारा भाचा, इतकी वर्षे कधी तो आदेश उघडून पाहिला नव्हता. याची लाज वाटते.

निवृत्तिवेतन तरी आहे म्हणून हे भांडण. ज्यांना काहीच नाही त्यांच्यासाठी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा महिना २०० रुपये ठरला, ऐंशीनंतर ५००. मते मागायला येणाऱ्यांना हा आकडा आपण विचारतो का? सत्तरीपुढच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड निघाले आहे. चांगली गोष्ट आहे, पण तिथेही आधारवरचेच वय धरतात.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. गणक दारात येईल तेव्हा "लिहा नव्वद-पंच्याण्णव" असे म्हणू नका. जुनी कुंडली, शाळेचा दाखला, मामांच्यासारखे सेवापुस्तक, जे असेल ते आधी शोधून ठेवा. आणि ज्यांच्या घरी ऐंशीपुढची विधवा आहे, त्यांनी पेन्शनचा आदेश घेऊन पुढच्या रविवारी मंडळात यावे. मी दहा वाजल्यापासून बसतो. मूळ कागद नको, झेरॉक्स पुरे.