क्षीण जोडणीवरील पाठ : एका प्रयोगाची हकीकत
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



मंद इंटरनेटवर चालणारी दृश्य-संवादाची साधने संगणकावर व हातातील फोनवर कशी पारखावीत, या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. चौथीचा वर्ग शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा शास्त्र थोडे आणि अनुभव अधिक, असे या भाषणाचे स्वरूप राहील.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, लोकल गाड्या सामान्य प्रवाशांसाठी थांबल्या, आणि जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष दुरूनच सुरू करावे लागले. माझे घर अंबरनाथला, शाळा बदलापूरच्या पुढे बारवीच्या रस्त्याला. वर्ग सुरू करण्यापूर्वी आम्ही तिघा शिक्षकांनी साधनाची चाचणी घेतली. एक जण उल्हासनगरच्या कॅम्पातून, एक बदलापूर स्टेशनजवळून आणि मी अंबरनाथहून. तिघांच्याही घरी तारेची उत्तम जोडणी, तिघांपुढे लॅपटॉप. चेहरे स्वच्छ दिसले, आवाज खणखणीत आला. मी वहीत "चाचणी यशस्वी" अशी नोंद केली. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

पुढे वर्ग भरू लागला. पटावर बावीस मुले, जोडली जात नऊ. त्यांतला एक मुलगा रोज पडद्याच्या कोपऱ्यात दिसे. बहुधा निश्चल, हनुवटीला हात लावून. मी त्याची हजेरी मांडीत असे. प्रश्न विचारला की तो गप्प. एकदोनदा मी त्याला रागेही भरलो. दोन आठवड्यांनी धान्यवाटपाच्या दिवशी त्याची आई शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही दिसता रोज, पण बोललेलं काही कळत नाही. पोरगं म्हणतं, गुरुजी मुके झालेत."

दोन आठवडे मी त्या मुलाला हजर समजत होतो आणि एकही पाठ त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. दोष साधनाचा म्हणता येणार नाही. मी ते जेथे तपासले, तेथे ते निर्दोषच होते. मी ते त्याच्या अंगणात तपासले नव्हते, एवढेच.

असे का झाले, ते समजून घेऊ. इंटरनेटची जोडणी म्हणजे शेताला पाणी देणारा पाट असे समजा. पाटाच्या रुंदीला बँडविड्थ म्हणतात, आणि ती दर सेकंदाला किती बिट वाहून जातात यावर मोजतात. बोलणे फारच थोड्या जागेत मावते. ओपस नावाची ध्वनिसंकेतन पद्धती २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ती सेकंदाला अवघ्या ६ किलोबिटांपासून काम करू शकते. चित्राची भूक निराळी. झूमचेच आकडे घ्या. दोघांच्या संभाषणात चांगल्या चित्रासाठी सेकंदाला ६०० किलोबिट जाण्यास व तितकेच येण्यास लागतात. केवळ आवाजाला ६० ते ८० पुरतात. आपण गणित शिकविणारे, तेव्हा हिशेब करून पाहू. चित्रासह तासाला सुमारे ५४० एमबी. आवाजापुरते फार तर ७२ एमबी. ज्या घरी दिवसाला दीड जीबीचे रिचार्ज असलेला एकच फोन आणि शिकणारी भावंडे तीन, त्या घराला हा फरक सांगावा लागत नाही.

जोडणी क्षीण झाली की काही साधने आपण होऊन चित्र उतरवितात व आवाज राखतात. पण ती क्षणाक्षणाला वरखाली होऊ लागली, म्हणजे हा निर्णय उशिरा होतो आणि तोवर शब्दांचे तुकडे पडतात. येथे एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. फळ्याचा फोटो पाठविला आणि वाटेत त्याचा एखादा तुकडा हरवला, तर तो पुन्हा मागविता येतो; फोटो पाच मिनिटे उशिरा येईल, पण पुरा येईल. चालू बोलण्याला अशी वाट पाहता येत नाही. मागचा शब्द येईतो पुढचे वाक्य निघून गेलेले असते.

यानंतर आम्ही तिघांनी दुसरी चाचणी घेतली. ती मुद्दाम वाईट ठिकाणी आणि वाईट साधनांवर. एक जण जुना, दोन जीबी स्मृतीचा फोन घेऊन मुळगावच्या डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिला. दुसरा कोंडेश्वरच्या वाटेवर गेला. उल्हासनगरच्या सहकाऱ्यांना सांगितले की, तारेची जोडणी बंद करून संध्याकाळी, सारे शेजारी फोनवर असतील त्या वेळी, तळमजल्याच्या आतल्या खोलीत बसा. आमची समजूत अशी की अडचण खेड्यातच येणार. ती खोटी ठरली. दाटीवाटीच्या इमारतींमधल्या त्या खोलीतून आलेला आवाज डोंगराच्या पायथ्याहून आलेल्या आवाजापेक्षा वाईट होता.

लॅपटॉपवर जे सहज चालते ते फोनवर चालेलच असे नाही, हेही तेव्हा दिसले. स्वस्त फोनला चित्राचे संकेतन करण्यातच दम लागतो; तो तापतो, बॅटरी भरभर उतरते. पुष्कळांच्या फोनात नवे ॲप उतरविण्यास जागाच नसते. जित्सी व बिगब्लूबटन ही मुक्त साधने संगणकाच्या ब्राउझरमध्ये काही न उतरविता चालतात. बिगब्लूबटन तर अध्यापनासाठीच रचलेले आहे. त्यात फळा आहे, आणि सगळी चित्रे बंद करून डेटा वाचविण्याची सोयही आहे.

या शेवटच्या गोष्टीवर मी थोडा अधिक थांबतो, कारण येथे बहुतेक जण फसतात. क्षीण जोडणीवरच्या मुलाने स्वतःचा कॅमेरा बंद केला म्हणजे भागले, असे आपण मानतो. त्याने फक्त जाणारा प्रवाह वाचतो. बाकी आठ मुलांची आणि गुरुजींची चित्रे त्याच्याकडे येतच राहतात. म्हणून त्याच्या फोनवर येणारी चित्रे थांबविली पाहिजेत. अथवा, सोपे म्हणजे, सर्वांनीच कॅमेरे मिटावेत. हजेरीसाठी सर्वांचे कॅमेरे चालू ठेवण्याचा आग्रह आपल्या मोठ्यांच्या बैठकांतही होतो. अधिकारी महोदयांची क्षमा मागून म्हणतो, त्या आग्रहाने दूरच्या शाळेवरील शिक्षकाला बैठकीतले काही ऐकू येत नाही.

पुढे माझा वर्ग असा चालला. आरंभी एक मिनिट चित्र, कारण मुलांना गुरुजींचे तोंड पाहावयाचे असते आणि ते बरोबरही आहे. मग कॅमेरे बंद. फळ्याचा फोटो आदल्या संध्याकाळीच व्हॉट्सॲपवर जाई. एकसुरात पाढे म्हणण्याचा नाद मात्र सोडावा लागला. दर मुलाचा आवाज निराळ्या विलंबाने येतो, त्यामुळे "बारा एके बारा" चा बाजार होतो. त्याऐवजी एकाने एक ओळ म्हणावी, दुसऱ्याने पुढची उचलावी. यात एक लाभ अनायासे झाला. ज्याची ओळ आली नाही तो मूल ऐकत नाही हे तत्काळ कळे, आणि त्या मुलाला मी साधा फोन लावी. ज्यांच्या घरी साधाच फोन, अशा चारपाच जणांना कॉन्फरन्स कॉलवर एकत्र घेऊन वाचनपाठ ऐकविता येतो. त्याला इंटरनेट लागत नाही.

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. आपले राज्य त्यांत नव्हते. प्रयोग थोर होता, पण बहुतेक खेड्यांना पडद्यावरील माणसाला उलट काही विचारता येत नसे. आज ती सोय प्रत्येक फोनात आहे. ती चालू आहे की नाही, हे आपल्या बाजूने समजत नाही. मुलालाच विचारावे लागते.

शाळा आता भरतात, मग या खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, ते आपण विसरलो नाही. अतिवृष्टीच्या इशाऱ्यावरून शाळांना सुटी देण्याचे दिवस पावसाळ्यात येतातच. अशा दिवशी तारा तुटतात, वीज जाते, आणि उरतो तो सर्वांत क्षीण जोडणीवरचा सर्वांत जुना फोन. चाचणी त्याच्यावर घ्यावयाची.

माझे भाषण येथे थांबवितो. ज्यांच्याजवळ जुना फोन असेल त्यांनी चहानंतर कृपा करून शाळेच्या मागच्या भिंतीपाशी यावे. तेथे संकेताची एकच काडी येते, हे मी सकाळीच पाहून ठेवले आहे. मी आत वर्गात लॅपटॉपवर बसतो. बाराचा पाढा तुमच्याकडून सुरू होऊ द्या.