घर पाडण्याआधी



साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर वास्तुविशारदाने काय बोलावे, असा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मला पडला होता. शहराशहरांतले वास्तुविशारदांचे गट पर्यावरणाला धरून घरे बांधण्याचा आग्रह धरतात, त्याविषयी बोला, असे आपण सुचवलेत. मी स्वतः अशा एका गटात बरीच वर्षे आहे. म्हणून सुरुवात आमच्या कमाईपासून न करता एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. तिथे एका आजींचे चिऱ्यांचे जुने घर होते. मध्ये राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, चारही बाजूंनी पडवी. पावसात कौले गळत होती आणि दोन वासे कुजले होते. मुलगे परगावी. कंत्राटदाराने सांगितले, घर संपले, पाडा आणि स्लॅबचे बांधा. आठवड्याभरात निर्णय झाला. मी पोहोचलो तेव्हा अर्धे घर पडले होते आणि उरलेल्या भिंती इतक्या धडधाकट होत्या की मजुरांना पहार चालवताना घाम फुटत होता. वासे बदलले असते, कौले परतली असती, तरी घर आणखी दोन पिढ्या टिकले असते. आजींनी कोकणीत एवढेच विचारले, की हे सांगायला तुम्ही आधी का आला नाहीत?

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच महिन्यात आमच्या गटाने पणजीत दोन दिवसांचा परिसंवाद घेतला होता. विषय शाश्वत वास्तुकलेचा, सभागृह वातानुकूलित आणि सगळी भाषणे इंग्रजीत. आजींच्या गावातले कोणी तिथे नव्हते. त्यांना बोलावण्याचे आम्हाला सुचलेही नव्हते.

त्या घरात काय होते, ते थोडे पाहू. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी घराचे पहिले काम म्हणजे भिंत कोरडी राखणे. त्यासाठी छप्पर उतरते आणि वळचण पुढे आलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्या हवेत कठीण होत जातो. त्याला भट्टी लागत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि राजांगणातून घराच्या पोटात उजेड आणि वारा येतो. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने, त्यांतून उजेड येतो पण ऊन डोळ्यांवर येत नाही. हे कोणी एका वास्तुविशारदाने ठरवले नव्हते. गवंडी, सुतार आणि घरमालक यांनी पिढ्यान्‌पिढ्या चुका सुधारत ते जमवले होते.

त्या जागी स्लॅब आला की काय होते, ते तुम्ही अनुभवले आहे. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. मग पंखा पुरत नाही, यंत्र बसवावे लागते, विजेचे बिल वाढते. शिवाय सिमेंट तयार करताना चुनखडी भाजावी लागते आणि भाजताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटच्या उत्पादनातून येतो. उभ्या भिंती पाडून नव्या बांधणे म्हणजे जुन्या घरावर झालेला खर्च फेकून देणे आणि तोच खर्च पुन्हा निसर्गाच्या खात्यावर लिहिणे.

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. कौले दरवर्षी परतावी लागतात आणि ते काम करणारे हात कमी झाले आहेत. चांगले लाकूड महाग आहे. चिऱ्यांच्या खाणींनी डोंगरांत खड्डे पाडले आहेत. म्हणून प्रश्न जुने की नवे असा नाही. या घरातले काय राखता येईल, काय बदलावे लागेल आणि त्याला किती पैसे लागतील, असा तो आहे. याचे उत्तर देणारा माणूस घर पाडण्याआधी दारात हवा. वास्तुविशारदांच्या गटाचे खरे काम मला हे वाटते.

असे काम काहींनी केलेले आहे. २००० च्या सुमारास पणजीत काही वास्तुविशारद आणि नागरिक यांनी मिळून गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप उभा केला. फोंतायन्यासमधल्या त्यांच्या कला महोत्सवात राहती घरेच चित्रांची दालने झाली. लोक चित्रे पाहायला गेले आणि घरे पाहून आले. २०११ साली पणजीत चार्ल्स कुरैय्या फाउंडेशन सुरू झाले. कुरैय्यांनीच रचलेली कला अकादमी आपणा सर्वांच्या परिचयाची. तिथल्या मराठी नाट्यस्पर्धा आपल्यापैकी कित्येकांनी पाहिल्या आहेत, काहींनी गाजवल्याही आहेत. २०१९ मध्ये ती इमारत पाडण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा वास्तुविशारदांबरोबर कलावंत आणि रसिकही उभे राहिले. इमारत पाडली गेली नाही. पुढे २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. इमारत वाचवणे आणि ती नीट दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून शिकायचे.

गोव्याबाहेरची दोन उदाहरणे देतो. केरळात त्रिशूरला १९८५ साली कॉस्टफोर्ड ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत वास्तुविशारद लॉरी बेकर होते, तसेच माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राजही होते. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडायची, ही बेकरांची आवडती पद्धत. त्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता कमी आत येते. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर भूजला हुन्नरशाला उभी राहिली. मातीचे गोल भुंगे त्या भूकंपात चांगले टिकले होते. संस्थेने तिथल्या कारागिरांनाच जाणकार मानले आणि नव्या कारागिरांना शिकवायला घेतले.

या दोन्ही ठिकाणी वास्तुविशारद एकटे नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मोठ्या कचेऱ्या आणि हॉटेले यांच्यासाठी हरित इमारतीची प्रमाणपत्रे असतात, त्यांचा उपयोगही आहे. पण वासा कुजलेल्या घराच्या मालकिणीला प्रमाणपत्र नको असते. तिला तिच्या भाषेत बोलणारा जाणकार हवा असतो.

इथे मी आपल्या दारी येतो. आमच्या गटातल्या तरुणांना ‘एम्बॉडिड एनर्जी’ ठाऊक आहे, पण आढे कोणते, रीप कोणती, वळचण कुठे, हे विचारले की ते गडबडतात. गवंड्याला हे शब्द ठाऊक आहेत, पण आमचा नकाशा त्याला वाचता येत नाही. दोघे एकमेकांशी बोलू शकत नाहीत म्हणून स्लॅब जिंकतो, कारण स्लॅब हा शब्द सगळ्यांना कळतो.

म्हणून मंडळाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, घरबांधणीचे आपल्या भागातले मराठी-कोकणी शब्द जुन्या गवंड्यांकडून आणि सुतारांकडून गोळा करून त्यांची चित्रांसह छोटी पुस्तिका काढू या. चित्रे आम्ही काढू, शब्द तुम्ही तपासा. दुसरी, महिन्यातून एका रविवारी तुमच्या वाचनालयात आम्हाला एक टेबल आणि चार खुर्च्या द्या. ज्यांना घर पाडायचे आहे त्यांनी आधी तिथे यावे. आम्ही फी न घेता घर पाहायला येऊ आणि जे दिसेल ते सरळ सांगू. घर खरेच पाडण्याजोगे असेल, तर तेही सांगू.

आणि हे भाषण छापील रूपात वाचणाऱ्या आपणाला एक विनंती. आपल्या ओळखीत कोणाच्या घराचे छप्पर गळत असेल आणि कंत्राटदार येऊन गेला असेल, तर आम्हाला पावसाळ्याआधी कळवा. त्या आजींच्या दारात मी उशिरा पोहोचलो. पुन्हा तसे होऊ नये, एवढीच इच्छा आहे.