चौथ्या क्रमांकाचे मोल



हवाई बेटावरील आयर्नमॅन शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालवणे आणि शेवटी ४२ किलोमीटर धावणे, हे सारे सलग करावे लागते. व्यावसायिक खेळाडू पॉला न्यूबी-फ्रेझर यांनी १९९४ पर्यंत ती सात वेळा जिंकली होती. १९९५ सालीही त्या आघाडीवर होत्या. पण आघाडी टिकवण्याच्या घाईत त्यांनी शेवटच्या टप्प्यात वाटेतल्या केंद्रांवर पाणी घेणे टाळले. अंतिम रेषा अगदी जवळ आली असताना त्या कोसळल्या. कॅरेन स्मायर्स पुढे निघून गेल्या व जिंकल्या.

पॉला सुमारे २० मिनिटे रस्त्यावरच होत्या. मग उठल्या, चालत गेल्या आणि चौथ्या आल्या. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, त्यांनी आठवे विजेतेपद मिळवले.

मित्रांनो, आठव्या विजेतेपदाचे कौतुक सारेच करतात. मला ते चौथे स्थान अधिक मोलाचे वाटते. विजय हातचा गेला होता, पण रस्ता शिल्लक होता. परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही, तर घटकाभर जरूर बसा. कुठे चुकले ते पाहा. मात्र उरलेला रस्ता सोडू नका.