सकाळी ठणठणीत, दुपारी बंद: जुन्या चेतकचा करंट कुठे जातो?

(या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलणं थोडं आवरलं आहे.)

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी अजून बाबांची चेतक, लूना किंवा काकांची आरएक्स १०० उभी आहे. किक मारून मारून पाय दुखतो आणि मिस्त्री म्हणतो, "प्लगला करंट नाही." किंवा त्याहून वाईट, "करंट तर आहे, भाऊ."

मी कोराडीचा. आमच्याकडे जुनी टू-स्ट्रोक चेतक आहे, पॉइंटवाली. मागच्या मे महिन्यात भर दुपारी आईला मागे बसवून सदरहून घरी येत होतो. मानकापूर ओलांडलं आणि गाडी झटके द्यायला लागली. दोनदा फटफट केलं आणि रस्त्याच्या मधोमध बंद. मागे ट्रक होता. त्याने कचकन ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला आणि अगदी बाजूने निघून गेला. आईने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की शर्ट चुरगळला. झाडाखाली वीसेक मिनिटं थांबलो, मग एका किकमध्ये गाडी सुरू! घरी पोचेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. घरी बाबांना एवढंच म्हणाली, "भंगारात द्या ती."

आता खरं सांगतो. "वीस मिनिटांनी एका किकमध्ये सुरू" हाच सगळ्यात मोठा पुरावा होता, आणि मी तो सोडून दिला. आधी नवा प्लग टाकला. मग कार्ब्युरेटर साफ करून घेतला. मग आणखी एक प्लग. दर वेळी सकाळी करंट बघायचो, मस्त दिसायचा. आणि दर वेळी दहा-बारा किलोमीटरवर गाडी बंद.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्री काकांकडे नेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काऊन रे पोट्ट्या, ताप येते रात्री अन् डॉक्टरले दाखवतं सकाळी?"

बस. आजचा भाग या एका वाक्यावर आहे.

ठिणगी बनते कशी?

कोराडीच्या पोरांना हे समजायला सोपं आहे. आपल्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे संच आहेत. जनरेटरमधून निघालेली वीज तशीच लांब पाठवत नाहीत. ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब ४०० केव्हीपर्यंत वाढवतात, मग ती टॉवरवर चढते. गाडीतली एच.टी. कॉइल तशीच एक छोटीशी दाब वाढवणारी वस्तू आहे. आत दोन गुंडाळ्या, एक कमी वेढ्यांची आणि एक हजारो वेढ्यांची. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तेच तत्त्व.

फरक एवढाच की इथे करंट अचानक तोडावा लागतो. मॅग्नेट फिरतो, वीज तयार होते, पॉइंट बंद असताना ती वाहते. पॉइंट उघडला की प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उठतात. तीच प्लगची ठिणगी.

प्रवाह जितका झटक्यात तुटेल तितकी ठिणगी जोरदार. पण पॉइंट उघडताना वीज त्या बारीक फटीतूनच उडी मारायला बघते. तिला क्षणभर सामावून घेतो तो कंडेन्सर. तो कमजोर झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. पॉइंट जळतो, आणि प्लगला उरते पिवळट, मरगळलेली ठिणगी.

दिसणारी ठिणगी फसवते

प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवायचा, किक मारायची, ठिणगी दिसली की "करंट ओके". आपण सगळे हेच करतो. पण बाहेर प्लगभोवती साधी हवा असते. सिलिंडरमध्ये तीच हवा दाबलेली असते, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणजे बाहेर दिसणारी ठिणगी आत पडेलच असं नाही.

म्हणून काकांनी प्लगवर विश्वास ठेवला नाही. कॅप काढली, वायरचं टोक रबरी मुठीच्या पक्कडीत धरलं आणि इंजिनाच्या धातूपासून चार-पाच मिलिमीटरवर ठेवलं. एवढं अंतर निळी ठिणगी कडकन पार करत असेल, तर करंटमध्ये दम आहे.

इथे एक गोष्ट नीट ऐका. वायर हाताने धरू नका. फार लांबही धरू नका, ठिणगीला जायला जागाच नसेल तर कॉइलचं इन्सुलेशन फुटू शकतं. आणि प्लगचं भोक उघडं असेल तर ठिणगी त्याच्या जवळ नको. किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. मी एकदा हा शहाणपणा केला होता. भपकन जाळ झाला, भुवईचे केस गेले. डोळा वाचला हे नशीब.

स्वस्तापासून महागाकडे

काकांचा क्रम असा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

पहिला प्लग. काळा आणि ओला असेल तर कार्बनमधूनच करंट गळतो. ऑइल अंदाजाने ओतताय का ते बघा. आमच्या गाडीला लिटरमागे २० मिली. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास.

दुसरी कॅप आणि वायर. कॅप फिरवून काढा, वायरचं काळं पडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापा, परत घट्ट बसवा. पावसाळ्यातला अर्धा त्रास इथेच मिटतो. रात्री अंधारात गाडी चालू करून बघा, वायरला चीर असेल तर तिथे निळं चमकतं.

तिसरं अर्थिंग. कॉइल जिथे बसवली आहे तिथला गंज आणि रंग घासून काढा. आमच्याकडे राखेची धूळ बसते, तीसुद्धा पुसा. बंद करायच्या स्विचची वायर सोलली गेली आहे का तेही बघा. ती चेसीला लागली की करंट तिथेच संपतो.

चौथा पॉइंट. मॅग्नेटच्या खिडकीतून दिसतो. फिलर गेजने गॅप बघा, ०.४ च्या आसपास. घासल्यावर कोऱ्या कागदाने पुसा, कण किंवा तेल राहायला नको.

पाचवा कंडेन्सर, आणि सगळ्यात शेवटी कॉइल.

मग आमच्या गाडीत काय निघालं?

काका म्हणाले, "जा, फिरवून आण. बंद पडली की ढकलत आण." मी दुपारी दोन वाजता निघालो. बंद पडली. घामाघूम होऊन ढकलत आणली. काकांनी तापलेल्या इंजिनावरच वायर धरली. सकाळी पाच मिलिमीटर उडी मारणारी ठिणगी आता दोनसुद्धा पार करेना. खिडकीतून पाहिलं तर पॉइंटवरच लखलख.

कंडेन्सर. तो मॅग्नेटच्या आत, तापत्या इंजिनाला लागून बसतो. थंड असताना चांगला, तापला की आतलं इन्सुलेशन दाद देत नाही. वीस मिनिटं सावलीत थांबलं की परत शहाणा. म्हणून सकाळच्या प्रत्येक तपासणीत गाडी पास होत होती. तापल्यावर कॉइलही असंच करते, म्हणून आधी स्वस्त कंडेन्सर बदलून परत तापवून बघितलं. जळलेला पॉइंटही बदलला. दोन्हीच्या सामानाचा खर्च मी कार्ब्युरेटरच्या मजुरीवर घालवलेल्या पैशांपेक्षा कमी होता.

तर मंडळी, गाडी ज्या वेळी बिघडते त्याच वेळी तपासा. गरम असताना बिघडते तर गरम असताना, पावसात बिघडते तर ओली असताना. मिस्त्रीकडे गेल्यावर फक्त "बंद पडते" म्हणू नका. किती किलोमीटरवर, किती वेळाने परत सुरू होते, ते सांगा.

आईला मी हे सगळं समजावलं. फॅरेडेसकट. ती म्हणाली, "ते ठीक आहे. आधी तू एकटा सदरला जाऊन ये. भर दुपारी. दोनदा."

गेलो. दोनदा. तिसऱ्यांदा ती बसली. हात अजून खांद्यावरच होता, पण या वेळी शर्ट चुरगळला नाही.

तुमच्या गाडीचा असा काही छळ असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हेल्मेट घाला, आणि गाडी बंद पडलीच तर आधी बाजूला घ्या, किक नंतर.