मण्यार चावली तर चेहरा पाहा

साप चावला म्हटलं की सगळे आधी दातांची खूण शोधतात. कर्नाटक-गोवा सीमेजवळच्या, रामनगरपासून अनमोडपर्यंतच्या रानपट्ट्यात राहणाऱ्यांनी केवळ या खुणेवर विसंबू नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बहुधा ना दुखतं, ना सूज येते. पहाटे पोटात कळ येऊन माणूस उठतो. घरचे अपचन समजून ओवा देतात. विषाचा पुरावा तेव्हा चेहऱ्यावर उमटू लागलेला असतो. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. वास, दृष्टी, श्रवण सांभाळणाऱ्या आज बाजूला ठेवू. तिसरी नस वरची पापणी उचलते आणि चौथी-सहावीच्या साथीने डोळा फिरवते, सातवी चेहरा हलवते, नववी-दहावी गिळणं आणि आवाज सांभाळतात, बारावी जीभ. मण्यारीचं विष नस स्नायूला भिडते तिथली टोकं निकामी करतं. मेंदूचा हुकूम निघतो, स्नायूपर्यंत पोचत नाही. डोळ्यांचे आणि घशाचे स्नायू बहुधा आधी ढिले पडतात. पापण्या जडावतात, एकाचे दोन दिसतात, लाळ गिळवत नाही, बोलणं नाकातून येतं. श्वासाचे स्नायू त्यानंतर थकतात.

मग पापणी मिटेपर्यंत थांबायचं का? मुळीच नाही. सर्पविषावरची लस रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करते, पण बिघडलेली टोकं तिने दुरुस्त होत नाहीत. ती नव्याने वाढायला दिवस जातात आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. म्हणून संशय येताच जवळचा सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील तसं पुढे बेळगावच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं. पापणी कधी जडावली, आवाज कधी बदलला, त्या वेळा वाटेत टिपून डॉक्टरांना सांगाव्यात. दुसरी शंका जास्त जिवावर बेतणारी आहे: डोळे मिटलेले, बाहुल्या विस्फारलेल्या, हाकेला हालचाल नाही, म्हणजे संपलंच ना? नाही. लकवा स्नायूंचा असतो; आतला माणूस शुद्धीवर असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असू शकतो, आणि श्वास वेळेवर मिळाला तर असे रुग्ण उठून घरी जातात. कर्नाटकाने 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, हे योग्यच झालं. पण दवाखान्यापर्यंतची वाट घरच्यांच्याच हातात असते. त्या वाटेवर रुग्णाला पाणी पाजू नका, कुशीवर निजवा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत तो गेला असं म्हणू नका.