ज्यांच्या मरणाची गावात नोंद नाही
(मारोती देवस्थान जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. दहावी पास झालेला, तहसील कचेरीत कागद सांभाळणारा एक साधा कारकून आहे. 'गावाच्या इतिहासावर दोन शब्द बोला' असा समितीने आग्रह केला, तो मोडवला नाही म्हणून आपणापुढे उभा आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आज आपल्या मारोतीच्या देवळावर कलश चढला. सभामंडपात देणगीदारांच्या नावांची पाटी बसली. हजारो रुपये देणाऱ्याचे नाव त्या पाटीवर आहे, आणि एक पोते धान देणाऱ्या म्हातारीचेही आहे. समितीने हे फार चांगले केले. दिलेल्याची नोंद राहिली पाहिजे. मला आज बोलायचे आहे ते अशाच एका नोंदीविषयी.

आपला हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. गावोगावचे मालगुजारांचे तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते १९५१ साली मालगुजारी गेल्यावरही धानाला पाणी देत राहिले. वरचे राज्य मात्र बदलत गेले. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र. मी दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया झाला. आपल्या तालुक्याच्या गावाला 'सडक' अर्जुनी म्हणतात, कारण ते नागपूरहून रायपूर-कलकत्त्याकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेवर आहे. दुसरी अर्जुनी ती मोरगावची.

याच सडकेने आपल्या भागातली माणसे पोट भरायला बाहेर गेली आणि काही जण पलटणीत गेले. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांच्या वर माणसे गेली, त्यांतली सुमारे ७४ हजार परतली नाहीत. १९३९ ते १९४५ च्या युद्धात सैन्य २५ लाखांवर गेले आणि सुमारे ८७ हजार कामी आले. महार पलटण १९१७ साली उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तिची दुसरी पलटण आपल्या नागपूरजवळच्या कामठीला.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. एक म्हातारी बाई आपल्या आजोबाच्या मृत्यूची नोंद शोधायला आली. जुन्या कोतवाल बुकात मी आजोबाच्या जन्माची नोंद काढून दिली. मृत्यूची काही सापडेना. बाई सांगे, आजोबा पहिल्या लढाईत गेला, बसऱ्याला गेला असे घरचे म्हणत. मी तरुण होतो, कामाची घाई होती. मी थट्टेने म्हणालो, "आजी, नोंद नाही म्हणजे तुमचा आजोबा मेलाच नाही." बाईने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मंग कुठं हाये तो, बाबू?"

मला उत्तर देता आले नाही. बाई पदर सावरून निघून गेली. पुन्हा आली नाही.

पुढे समजले ते असे. कोतवाल गावात झालेले मरण लिहीत असे. परमुलखात मेलेल्याची नोंद त्याच्या बुकात यावी कशी? म्हणून अशा माणसाचा जन्म गावात सापडतो, मरण सापडत नाही. बरे, जिथे मरण आले तिथे तरी? इराकमध्ये बसऱ्याला इंग्रजांनी १९२९ साली मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्यांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या लिहिली, अमक्या पलटणीचे इतके. हा भेदभाव झाला याबद्दल युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी! म्हणजे तो शिपाई ना गावच्या बुकात, ना बसऱ्याच्या दगडावर.

दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारक झाले. तिथे २५ हजारांहून अधिक जवानांची नावे आहेत, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची. त्याआधीच्यांचे काय? त्यांना आठवायला गावच उरते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. त्यांचे स्मारक गावात आहे, आणि लोक त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. तो गाव मोठा म्हणून नव्हे. त्या गावाने आपली माणसे विसरू दिली नाहीत म्हणून.

तेव्हा देवासमोर माझी विनंती एवढीच. या कामातून जी रक्कम शिल्लक राहील, तीतून आपल्या गावच्या सैनिकांच्या नावांची एक शिळा बसवावी. जे कामी आले त्यांची नावे वर, जे नोकरी करून परतले त्यांची खाली. पहिल्या लढाईपासून १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलपर्यंत, ज्याचे नाव मिळेल त्याचे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग नसावा. ही शिळा देवळाच्या भिंतीत नको, शाळेसमोरच्या चौकात असावी. पलटणीत गेलेल्यांत अशा मोहल्ल्यांतली माणसे होती, ज्यांना एके काळी आपण या पायरीच्या वर येऊ दिले नाही. १९५६ नंतर त्यांच्या घरांनी वेगळा धम्म घेतला. ते मेले ते आपल्या सर्वांसाठी. त्यांच्या नातवंडांना मान वर करून जिथे फूल वाहता येईल तिथे त्यांचे नाव असावे.

काम अवघड नाही. घरोघरी पेटीत जुना फोटो, पदक, पेन्शनचे पुस्तक, पलटणीचे पत्र असेल तर फेकू नका, घेऊन या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि पलटणींना लागणारे अर्ज मी लिहून देईन. रविवारी मी देवळाच्या ओट्यावर बसेन. कोणाला परत पाठवणार नाही. दरवर्षी ७ डिसेंबरला, ध्वजदिनी, शाळेच्या मुलांनी ती नावे मोठ्याने वाचावीत.

त्या बाईला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज बाई हयात नसेल. पण त्या घरातले कोणी विचारायला आले, तर बोट दाखवून 'इथे आहे' असे म्हणता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

बोला, पवनसुत हनुमान की जय! जय हिंद!