संगिनीवरचे शिक्के
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण)



'निवृत्तीनंतर काय करतोस, त्यावर दहा मिनिटं बोल,' असं काल रात्री जेवताना फर्मान निघालं. तर मी जुन्या संगिनी बघतो. जमवत नाही, नुसत्या बघतो. नोकरीभर मी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. माल पास केला की त्यावर माझ्या नंबराचा पंच मारायचा, हे काम. त्यामुळे लोखंडावर कुठे बारीक शिक्का दिसला की मी भिंग काढतो.

आज सांगतो ती गोष्ट आपल्याच तुकडीतल्या एकाच्या घरची. त्याला विचारूनच सांगतोय. तो समोरच बसलाय, नाव घेत नाही.

त्याचं गाव साताऱ्याकडचं. घरात एक संगीन आहे, खंडेनवमीला तिची पूजा होते. आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, कुतच्या वेढ्यात सापडले, कैदेतून जिवंत परत आले आणि येताना ही संगीन घेऊन आले, असं दरवर्षी सांगितलं जायचं. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि ती कुतला शरण गेली, हा इतिहास आहेच. मला त्यानं मुद्दाम बोलावलं. मी पात्यावर '१९०७' वाचलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "१९०७ सालची आहे. बरोबर जुळतं." पेढे खाऊन घरी आलो.

चुकलो होतो. १९०७ हे त्या नमुन्याचं नाव, बनवल्याचं साल नव्हे. ली-एनफिल्ड बंदुकीची ही संगीन पुढे कित्येक वर्षं बनत राहिली आणि त्या प्रत्येकीवर १९०७ असतं. नवखा माणूस इथेच फसतो. मी तर नवखाही नव्हतो, पेढ्याच्या घाईत होतो.

पंधरा दिवसांनी फोटो मोठे करून नीट बघितले. मुठीला लागून पात्याचा धार नसलेला सपाट भाग असतो, सगळा मजकूर तिथेच. एका बाजूला मुकुट, खाली जी आर, म्हणजे राजा पंचम जॉर्ज. ई आर असतं तर सातवा एडवर्ड, म्हणजे १९१० किंवा त्याआधीची. मग ते १९०७. त्याच्याजवळ बारीक अक्षरात १० आणि १७, म्हणजे ऑक्टोबर १९१७. आणि कारखाना सँडरसन, शेफिल्डचा.

दुसऱ्या बाजूला पसंतीचे शिक्के. बाणाचं टोक म्हणजे सरकारी मालमत्ता. फुली म्हणजे पातं वाकवून बघितलं आणि ते पुन्हा सरळ झालं. आणि छोटा मुकुट, खाली नंबर, त्याखाली ई. हा ई बघून लोक 'एनफिल्डला बनलेली' म्हणतात. तसं नाही. बनवली शेफिल्डनं, तपासणारा एनफिल्डच्या खात्याचा, आणि नंबर त्या तपासनिसाचा. खरं सांगतो, तो नंबर बघून मी बराच वेळ थांबलो. त्या माणसाचं नाव आता कोणाला माहीत असणार? माझ्या पंचाचंही तेच होणार आहे.

आता हिशेब करा. कुत पडलं २९ एप्रिल १९१६ ला. संगीन १९१७ च्या ऑक्टोबरातली.

आणखी एक होतं. या संगिनीचं पातं मुळात १७ इंच असतं, आणि त्यावरची पन्हळ टोकाच्या आधीच संपते. हिचं पातं १२ इंच, आणि पन्हळ थेट टोकापर्यंत गेलेली. म्हणजे कापून आखूड केलेली. हे काम हिंदुस्थानात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झालं. तेव्हा कैदेतून परतणाऱ्या आजोबांच्या सामानात ही संगीन असणं शक्य नव्हतं.

सांगावं की नाही, यावर आठवडाभर घालवला. शेवटी आपणच केलेली चूक म्हणून गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मित्र गप्प. त्याचा मुलगा जरा चिडलाच. आई कोपऱ्यात बसल्या होत्या, नव्वदी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, "ती ह्यांची हाय. ह्यांच्या ट्रंकेत होती."

मित्राचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत होते, एवढंच घरात माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. सासऱ्यांची गोष्ट मोठी होती, खंडेनवमीला ती सांगितली जायची, आणि हे शेजारी बसून ऐकायचे. "मग तुम्ही का नाही बोललात?" असं मित्रानं विचारलं. आई म्हणाल्या, "मामंजींच्या पुढं कसं बोलायचं? आन् मागनं कुनी इचारलंच न्हाई."

शिक्क्यांवरून ही संगीन वडिलांचीच, असं सिद्ध होत नाही. कोणाच्या कमरेला होती ते पात्यावर लिहिलेलं नाही. लोखंड एवढंच सांगतं की आजोबांनी आणलेली नव्हे. पुढचं आईंनी सांगितलं. नोकरीतून रीतसर विकलेल्या मालावर दोन बाण टोकाला टोक लावून मारतात, तोही शिक्का मी शोधला. सापडला नाही. सरकारी माल ट्रंकेत कसा आला, ते इथे नको.

तुमच्यापैकी कोणाकडे अशी संगीन असेल तर एक विनंती. पॉलिश पेपरनं घासू नका, शिक्के आधी जातात. तेलाचा बोळा फिरवा, बॅटरी तिरकी धरा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मला दाखवायचे असतील तर जेवणानंतर मी चिंचेखाली आहे. भिंग बरोबर आणलंय.